बोलका डबा आणि मिरचीची भजी

"नाणी सापडली! नाणी सापडली!" असं ओरडत दिवाण त्र्यंबकपंत भजीवाल्या येसाक्काला घेऊन भर दरबारात शिरले, तेव्हा महाराज रणधीरराव दुधीभोपळ्याचा रस पीत होते. वैद्यबुवांनी त्यांना तळलेलं सक्त मना केलं होतं. शेजारी बसलेल्या राणीसाहेब शेवटचा घोट जाईपर्यंत पेल्यावरून नजर हलवत नसत.

गुन्हा तसा मोठाच. आंबेगड संस्थानात दसऱ्यापासून नाण्यांना बंदी होती. पैसे द्यायचे ते फोननं, आणि प्रत्येक दुकानात सरकारी डबा ठेवायचा. पैसे जमा झाले की डबा ओरडायचा, 'गणू न्हाव्याकडून वीस रुपये मिळाले, धन्यवाद!' नाव पुकारायची सुधारणा खुद्द महाराजांची. 'लपवायचं काही नसेल तर स्वतःचं नाव ऐकून कोण लाजेल?' असं ते विचारत, आणि महाराजांनीच विचारल्यावर उत्तर कोण देणार?

"डबा बिघडलाय का तुझा?" महाराजांनी दरडावलं.

"न्हाई जी. चांगला ठणठणीत हाय. माझ्यापरीस जास्त बोलतोय."

"मग नाणी का घेतलीस?"

"गिऱ्हाइकानं दिली."

"नाव सांग त्याचं!"

"नाव म्या कशाला इचारू? नाणं वाजवून बघितलं, खरं निघालं, भजी दिली."

"कायद्यानं हिची कढई जप्त, महाराज!" दिवाण म्हणाले.

त्या कढईवर येसाक्काची म्हातारी सासू आणि दोन लेकी जेवत होत्या. कढई गेली की चूल गेली. तिनं हात जोडले.

"म्हाराज, नाणं देनारा समदाच चोर नसतो जी."

"असं?" महाराज हट्टाला पेटले. "मग दाखव! चोर नाही, लाचखाऊ नाही, कर बुडवणारा नाही, आणि तरी ज्याचं नाण्यावाचून अडतं, असा एक माणूस याच दरबारात दाखव! दाखवलास तर बंदी उठवीन. नाहीतर कढई पालथी!"

दरबार हळहळला. 'मी नाणी वापरतो' असं म्हणायला पुढे कोण येणार? जो येईल तो तिथंच धरला जाणार!

येसाक्का खाली मान घालून उभी होती. समोर महाराजांचे जोडे होते. जरीचे, डाव्या टाचेला झिजलेले. बघता बघता तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हेच जोडे दर दोन-तीन दिवसांनी तिन्हीसांजेला एका घोंगडीखालून तिच्या गाड्यापाशी येऊन थांबत! महाराज वेषांतर करून प्रजेची सुखदुःखं विचारतात, याचं सगळ्या संस्थानाला भारी कौतुक होतं. सुखदुःखं ते एकदाच विचारत. भजी मात्र पुन्हा पुन्हा मागत.

"दावते जी," ती म्हणाली. "पन नाव घेतलं तर त्येची अब्रू जाईल. न घेता चालंल?"

"चालेल. पण माझी खात्री पटली पाहिजे!"

"तुमची तर पटंलच. माझं एक गिऱ्हाईक हाय, घोंगडी पांघरून येतंय. देवमाणूस! कुनाचा पैसा बुडवला न्हाई. पन त्येच्या घरात पथ्य हाय, आन् मालकीनबाई करड्या."

महाराजांना ठसका लागला. दुधीचा रस नाकात गेला.

"आता माझा गाडा राजवाड्याच्या भिंतीला. गिऱ्हाइकानं मिरचीच्या भज्यांचं पैसं फोननं दिलं की डबा बोंबलनार, 'अमक्याकडून चाळीस रुपये मिळाले, धन्यवाद!' मालकीनबाई वर सज्जात वारं खात बसल्या असल्या तर? सांगा जी, त्येनं चोरी केली का? भजीच खाल्ली नव्हं?"

"कोण आहे तो पथ्य मोडणारा?" राणीसाहेब कडाडल्या. "नाव सांग!"

"नाव कुठलं ठावं असनार, राणीसाहेब? त्येनं नाणं दिलं."

महाराजांनी कपाळ पुसलं. पण हट्ट तो हट्टच!

"बरं, असेल एखादा! एका माणसासाठी काय कायदा बदलायचा?"

"एक न्हाई जी, दोन हायती. दुसऱ्या बाई हायती. सोता येत न्हाईत, दासी धाडत्यात. दर एकादशीला. कांदाभजी."

राणीसाहेबांच्या कडक एकादशीची कीर्ती शेजारच्या चार संस्थानांत होती. त्या आपल्या पदराचं टोक अगदी बारकाईनं तपासू लागल्या.

"कांदा?" महाराज हळूच म्हणाले. "एकादशीला?"

"अहो, लोकांच्या घरात कशाला डोकवायचं ते!" राणीसाहेब पदरातच म्हणाल्या. "उठवा ती बंदी."

"आन् तिसरं गिऱ्हाईक..." येसाक्का दिवाणांकडे वळली.

"माझंही हेच मत आहे, महाराज!" दिवाण घाईघाईनं म्हणाले.

यावर महाराज जे हसले, ते हसतच सुटले! पेला कलंडला, रस सिंहासनावर सांडला, राणीसाहेबही पदराआड हसू लागल्या. बंदी तिथल्या तिथं उठली.

"हजार रुपये इनाम!" महाराज म्हणाले. "दिवाण, पाठवा हिला फोननं!"

"फोननं नगं जी!" येसाक्का म्हणाली. "डबा गावभर सांगंल, 'म्हाराजांकडून हजार रुपये मिळाले.' मग लोक इचारतील, येवढी भजी खाल्ली कुनी?"

महाराज पुन्हा हसले आणि आत जाऊन स्वतःच्या हातानं थैली भरून घेऊन आले. येसाक्कानं घरी जाऊन मोजली, तर चाळीस रुपये जास्त निघाले. गेल्या खेपेला घोंगडीवाल्याकडे सुटे नव्हते.