बोलतळ्याचे पाणी

करंबेळ आणि तिवरोशी या दोन गावांच्या मध्ये, कारवीच्या रानात, एक तळे आहे. त्याला बोलतळे म्हणतात. त्याच्या दोन्ही काठांना दगडी पायऱ्या आहेत. उगवतीच्या पायऱ्या करंबेळच्या, मावळतीच्या तिवरोशीच्या. पायऱ्यांचे दगड झिजून मधे खोलगट झाले आहेत, पण तिथे कोणी धुणे धूत नाही, गुरांना पाणी पाजत नाही. पाणी काळे दिसते आणि भर उन्हातही गार असते. पाहुणे आले की वरच्या देवळातले गुरव त्यांना आधी पायऱ्यांपासून दूर बसवतात आणि मग सांगू लागतात.

फार पूर्वी या दोन गावांत वैर होते म्हणे. ते कशावरून लागले हे तेव्हाही कोणाला धड सांगता येत नसे. कोणी कुरणाचे नाव घेई, कोणी मोडलेल्या सोयरिकीचे. पण ते पेटायला नुसती बातमी पुरे. "तिकडच्यांनी आपला माणूस गाठला," एवढे कोणी धापा टाकत सांगितले की घराघरांतून कोयते निघत. एका उन्हाळ्यात करंबेळचा गुराखी दिसेनासा झाला. तिवरोशीकरांनी त्याला मारून पुरले अशी हूल उठली. त्या हुलीपायी तिवरोशीच्या हैबती नावाच्या म्हाताऱ्याचा तरणा मुलगा शेतातच कापला गेला. कापणारा करंबेळचा धोंडजी. पुढे गुराखी मामाकडून करवंदे खात परत आला. त्यानंतर तिवरोशीकरांनी धोंडजीलाही सोडले नाही. मागे राहिली त्याची बायको कोंडाई आणि मुलगा लिंबाजी. ही गोष्ट त्या कोंडाईची आहे.

असे सांगतात, की त्याच सुमाराला घाटाखालून काही माणसे वर आली. बाया होत्या, पुरुष होते, सगळ्यांच्या पाठीवर वळकट्या. त्यांनी दोन्ही गावांच्या मधे, याच तळ्याजवळ, झापाची पाले बांधली. त्यांच्यात नागूआजी म्हणून एक म्हातारी होती. कोंडाई सरपणाला गेली तेव्हा तिने विचारले, "तुमचं गाव कंचं, आजी?"

"होतं," नागूआजी म्हणाली आणि चुलीत फुंकर घालू लागली.

ज्याला विचारावे तो हेच सांगे. हुलीमागून हूल उठत त्यांचे गाव संपले होते, आणि जिथे जिथे असे वैर ऐकू येई तिथे ही माणसे जाऊन राहत. करंबेळची पोरे त्यांना चिडवत, "आलं बघा होतंकर!" ते नाव तसेच चिकटले.

होतंकरांनी आधी दोन्हीकडच्या जाणत्यांना एका पंक्तीला बसवले. गोडधोड झाले, पानसुपारी झाली. पण घरी जाताना कोणीतरी म्हणाले, जेवणाला वास येत होता. सकाळपर्यंत त्या वासाचे विष झाले आणि एक गोठा जळाला. नागूआजी त्या राखेपाशी खूप वेळ बसली होती. "आपण तोंडं गोड केली," ती आपल्या माणसांना म्हणाली. "कान तसेच ऱ्हायले."

मग दोन्ही गावांच्या उंबऱ्यांवर पुन्हा पुन्हा जाऊन, शिव्या खाऊन, त्यांनी एक रीत ठरवून घेतली. पलीकडच्या गावाची वाईट बातमी काठावर सांगायची नाही. तळ्यात छातीभर पाण्यात उभे राहून सांगायची, समोर पलीकडचा एक माणूस उभा असताना. दोघांनी फक्त आपल्या डोळ्यांनी पाहिलेले बोलायचे. जो जे ऐकेल ते त्याने आपल्या काठाला मोठ्याने सांगायचे. ऐकणारा पाण्याबाहेर येईपर्यंत कोणत्याही काठावरून कोणी पलीकडच्यांवर चालून जायचे नाही. पाण्यात धावता येत नाही, हात उगारता येत नाही, आणि त्या पाण्यात जळवा असल्यामुळे कोणी वाढवून बोलत नाही. बराच काळ हे चालले. कोंबडी, कुंपण, तुटलेली फांदी, अशा बातम्या पाण्यात विरून गेल्या.

मग पौषात लिंबाजी कड्याकडे मधाला गेला आणि आला नाही. गाव शोधत होते. कोणाला तरी तिवरोशीच्या हद्दीत त्याची घोंगडी सापडली. घोंगडीवर रक्त होते.

कोंडाईच्या अंगणात माणसे जमली. तिचा दीर सुभाना घोंगडी तिच्यापुढे धरून उभा राहिला. "वहिनी, तू नुसतं व्हय म्हण. बाकीचं आमी बघतो."

व्हय हा शब्द कोंडाईच्या अगदी ओठांवर होता. तिला तो म्हणायचाच होता. पण नागूआजी गर्दीतून पुढे आली.

"म्हण की, पोरी. पर पाण्यात जाऊन म्हण."

"म्हातारे, तुला पोरगं हाय का?" सुभाना ओरडला.

"होतं," नागूआजी म्हणाली.

कोंडाई तळ्यावर गेली. मागे सगळे करंबेळ, कोयत्यांसकट. पलीकडे तिवरोशी, तेही तसेच. ती पायऱ्या उतरली, पाणी छातीला लागले तेव्हा तिचा श्वास अडकला. समोरून हैबती उतरला. तो आपणहून आला, त्याला कोणी पाठवले नव्हते म्हणे. त्याच्या पायऱ्यांजवळ पाण्यात एक मोठा दगड आहे, त्याला पाठ लावून तो उभा राहिला.

"मी घोंगडी पाह्यली," कोंडाई म्हणाली. "रगात पाह्यलं. तू काय पाह्यलंस?"

हैबती तिच्याकडे बघत नव्हता. "पोरगा कड्याखाली पडला व्हता. जित्ता व्हता. मला बगून पाणी मागितलं. तोंड त्याच्या बापाचं. मी न्हाई दिलं. बसून ऱ्हायलो. उनं कलली, मग त्यो गेला. घोंगडी मी वर आणून टाकली, तुला कळावं म्हनून."

पुढे होऊन कोंडाईने त्याचे मनगट धरले. मग आपल्या काठाकडे तोंड करून तिने ऐकले ते सगळे सांगितले, एकही शब्द न गाळता. काठावर कोयते खणखणले. सुभाना पहिल्या पायरीवर आला.

"भावजी, मी अजून पाण्यात हाय," ती म्हणाली. तो तिथेच थांबला.

"मग भाईर ये!"

"आदी माझं पोर आणा. जागा ह्यो सांगंल. दोनी गावची माणसं जावा. तवर मी हलत न्हाई."

हैबतीने जागा सांगितली. दोन्ही गावांचे पुरुष, एकमेकांकडे पाठ न करता, कड्याच्या वाटेने खाली गेले. काठांवर बाया आणि म्हातारी माणसे उरली. वारा सुटला. कोंडाईला आपले पाय कळेनासे झाले, मानेवर काहीतरी ओले सरकत होते, पण तिने मनगट सोडले नाही. बोटांखाली हैबतीची नाडी लागत होती. आधी भराभर, मग सावकाश. एकदा तो पुटपुटला, "लई गार हाय गं." पुढे ती नाडी चुकू लागली, आणि मग बोटांखाली काहीच उरले नाही. तो दगडाला टेकून तसाच उभा होता. काठावरून दोन माथी दिसत होती, दोन्ही सारखीच.

कोंडाईने हाक मारली नाही.

दिवे लागायच्या वेळेला माणसे परत आली. खडी वाट आणि तरुण मुलाचे ओझे, म्हणून खांदा दोन्ही गावांनी दिला होता. कोयते कड्याखाली राहिले की वाटेत टाकले, हे कोणी विचारले नाही. लिंबाजीला पाहिल्यावर कोंडाईने मनगट सोडले. हैबती एका अंगाला कलला आणि पाण्याखाली गेला. तिवरोशीच्या माणसांनी त्याला वर काढले.

कोणी कोणावर हात उगारला नव्हता. दोन्ही गावे आपापले प्रेत घेऊन घरी गेली. होतंकर पाले सोडू लागले होते. "पाण्यात असं धरून ठेवायचं, हे आमी शिकिवलं नव्हतं," असे नागूआजी म्हणाली, आणि यापुढे काय होईल हे ती कोणाला सांगेना. म्हातारा थंडीने गेला असे तिवरोशीत म्हणत होते. काही जण तसे म्हणत नव्हते. तिथे पुन्हा कुजबुज सुरू झाली होती.

दुसऱ्या दिवशी मुलाला अग्नी देऊन झाल्यावर कोंडाई तशीच तळ्यावर आली आणि एकटी पाण्यात उतरली. तिने तिवरोशीच्या बाजूला हाक घातली. बऱ्याच वेळाने समोरच्या पायऱ्यांवर ठकू आली. ठकू हैबतीची सून. तिच्या नवऱ्याला धोंडजीने कापले होते, आणि आता सासराही गेला होता. तिच्यामागे हळूहळू गाव जमले. ठकू पाण्यात उतरून समोर उभी राहिली.

"नाडी माझ्या बोटाखाली थांबली," कोंडाई म्हणाली. "मला कळलं व्हतं. मी हाक मारली न्हाई."

ठकूने ते आपल्या काठाला मोठ्याने सांगितले. मग ती वळली, पायऱ्या चढली आणि निथळत काठावर बसली. ऐकणारी बाहेर आली होती. आता रीत कोणाला अडवत नव्हती. तिवरोशीची माणसे तिच्या तोंडाकडे पाहत राहिली, आणि कोंडाई पाण्यात उभी राहिली. तिने काही मागितले नाही, मागे वळूनही पाहिले नाही. किती वेळ गेला हे कोणी सांगत नाही. पाण्यावरची तिची सावली पार लांबली होती म्हणे, तेव्हा ठकू बोलली.

"भाईर या, मावशी. पाणी गार हाय."

आजही या दोन गावांत काही वाईट घडले की दोन माणसे बोलतळ्यात उतरतात. आजही ऐकणारा आधी बाहेर येतो, आणि सांगणारा आपल्या मनाने वर चढत नाही. समोरच्या काठाने बाहेर ये म्हणेपर्यंत तो पाण्यात उभा राहतो. कधी ते लगेच म्हटले जाते. कधी फार वेळ लागतो, आणि तोवर दोन्ही गावे काठांवर बसून असतात.