दिवट्यांची साळू

साळूच्या बापाचं आडनाव दिवटे. पण ते साळूनं लावायचं नाही, असं तिच्या काकानं भर दरबारात सांगितलं.

"माझ्या भावानं, सखोजीनं, लगीन केलंच न्हाई, महाराज," रंभाजी दिवटे म्हणाला. "घाटाखाली कामाला होता, तिथंच वारला. आता ही बाई तिथनं पोर घेऊन आलीया अन् म्हणती, आम्ही दिवटे. पोटात आणखी एक हाय. उद्या कुणीबी उठंल अन् दिवटे म्हणवून घेईल."

"काका, तुम्ही लग्नाला आला न्हाईत, म्हणून लगीनच झालं न्हाई व्हय?" साळूनं विचारलं.

"मला काका म्हणायचं न्हाई."

साळू बारा वर्षांची. आईचे दिवस भरत आले होते, म्हणून दरबारात तीच उभी राहिली होती. दिवट्यांचा मान मोठा. देवीच्या जत्रेत पहिली दिवटी, म्हणजे मशाल, त्यांच्याच हातानं पेटायची. पण साळूला मानाचं काही पडलं नव्हतं. गावातली पोरं तिला 'बिनबापाची' म्हणत. ते तिच्या जिव्हारी लागलं होतं, आणि येणाऱ्या बाळाला ते ऐकावं लागू नये, एवढंच तिला हवं होतं.

राजेसाहेब भला माणूस, पण हट्टी. एकदा त्यांनी 'आजोबांचा कायदा' म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकत नसत.

"आजोबांचा कायदा असा," ते म्हणाले, "की घराण्याचं नाव कुणी लावायचं ते घराण्यातल्या थोरल्यानं सांगायचं. साक्षीदार चालणार नाहीत, शपथही चालणार नाही. रंभाजींनी आपल्या तोंडानं तुम्हाला भावाची लेकरं म्हटलं, तर नाव तुमचं. जत्रेपर्यंत वदवून घे."

दरबारात हशा पिकला. रंभाजी मिशीतल्या मिशीत हसत होता. त्याच्या तोंडून हे वदवायचं म्हणजे रेड्याचं दूध काढण्यातलाच प्रकार!

"वदवते," साळू म्हणाली. "पण त्या दिवशी महाराज देवळात पायजेत."

"मी दरवर्षी असतो."

आता पोरगी काकाच्या पाया पडायला जाणार, असं गावाला वाटलं. साळू गेली ती देवीच्या गुरवाकडं.

"बाबा, रंभाजीरावांची दिवटी कधी चुकली का हो?"

"एकदाच," गुरव म्हणाला. "त्येंच्या कुठल्याशा लांबच्या चुलतभावाला पोरगं झालं हुतं. भावकीत मूल जन्मलं की दहा दिवस सोयर, देवाला शिवायचं न्हाई. देवीला लई भितो गडी. उंबऱ्याभाईर लोटांगण घालून रडला त्या दिवशी."

साळू घरी आली आणि आईच्या पोटाला तोंड लावून म्हणाली, "घाई करू नगंस. जत्रंलाच ये."

बाळ मोठं आज्ञाधारक निघालं. जत्रेच्या दिवशी पहाटेच त्यानं टाहो फोडला. मुलगा! आता सुईण गावात बोलली असती तर रंभाजी देवळाकडं फिरकलाच नसता आणि सगळंच मुसळ केरात गेलं असतं. म्हणून साळूनं तिला संध्याकाळपर्यंत पुरेल एवढं काम घरातच लावून दिलं.

दिवेलागणीला देऊळ माणसांनी फुलून गेलं. नवा पटका बांधून, हातात दिवटी घेऊन रंभाजी नंदादीपापाशी वाकला. साळू पायरीखालीच उभी होती.

राजेसाहेबांना ती दिसली. "पोरी, मुदत संपली. आत ये आणि हार कबूल कर."

"आत कशी येऊ, महाराज? मला सोयर हाय. पहाटं आईला मुलगा झाला."

रंभाजीचा हात नंदादीपाच्या वीतभर अलीकडंच थांबला.

"थांबलात का, रंभाजीराव?" साळू म्हणाली. "तुमचं आमचं काय नातं? पेटवा खुशाल."

बोलली खरी, पण डाव मोठा होता. यानं दिवटी पेटवली की बाळ जन्मभर बिननावाचं. रंभाजीनं हात पुढं केला, मागं घेतला, पुन्हा पुढं केला. मग त्याची नजर देवीच्या चांदीच्या डोळ्यांवर गेली आणि तो दोन पावलं मागं सरला.

"गुरव, धर ही दिवटी. मला चालायचं न्हाई."

"का?" राजेसाहेबांनी विचारलं. "सोयर तिच्या घरी. तुम्हाला त्याचं काय?"

"काय म्हंजी? माझ्या भावाला पोरगा झाला, तर मला सोयर लागणार न्हाई व्हय?" रंभाजी कळवळून बोलला, आणि बोलल्यावर त्यानं स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

राजेसाहेब इतके हसले की त्यांना खांबाचा आधार घ्यावा लागला.

"आजोबांचा कायदा आज पाळला, आणि आजच रद्दही केला," ते म्हणाले. "यापुढं या संस्थानात बापाचं आडनाव लेकरांचं. ते लावायला कुणा थोरल्याला विचारायचं नाही. पोरी, बक्षीस माग."

दरबारात डोळ्यांतून टिपूस न काढणारी साळू आता मात्र पदराच्या टोकानं डोळे पुसत होती.

"पुढल्या वर्साची दिवटी म्या पेटवणार."

"आणि रंभाजींनी काय करायचं?"

"मशालीवर तेल कुणीतरी घालायला पायजे न्हवं? तेलाची बुधली काका धरतील."

या वेळी 'मला काका म्हणायचं न्हाई' असं रंभाजी म्हणाला नाही. राजेसाहेब पुन्हा खदखदून हसले. बाळासाठी त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून दिलं आणि चोपदाराला खूण केली. जत्रेच्या सगळ्या गलबल्यावर चोपदाराचा आवाज चढला, "साळू सखोजी दिवटे!"