ठिपकीचा दाणा आणि पंपाची फुंकर

एक मुंगी होती. एवढीशी.
नाही, त्याहून लहान.
अजून लहान.
हां, तेवढी! तिचं नाव ठिपकी.

ठिपकीला सात भावंडं. सगळी धाकटी. सगळी भुकेली.
ठिपकी दाणा शोधायला निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

बाजारात होती पिठाची गिरणी. गिरणीला चिकटून केवडाताईचं दुकान. दुकानात एक कॉम्प्युटर. केवडाताई त्यावर लोकांचे फॉर्म भरायची. टकटक टकटक. आणि मधेच राजगिऱ्याचा लाडू खायची. कुरुम कुरुम.

लाडवाचा एक दाणा पडला.
ठिपकीनं तो उचलला. डोक्यावर घेतला. निघाली घरी.
पण कुठून निघाली? कॉम्प्युटरच्या पेटीवरून!
पेटीला वर जाळी. जाळीला भोकं.
टिप! दाणा आत.

आत धूळ. धूळ कसली, पीठच! गिरणीतून उडायचं आणि पेटीत जाऊन बसायचं. ज्वारीचं, बाजरीचं, बेसनाचं. दोन भाकऱ्या थापता येतील एवढं! मी पाहिलंय. खोटं कशाला सांगू?

ठिपकी आत उतरली. पाय रुतले. नाक भरलं. आऽक्छी!
आली बाहेर. पांढरीफटक.

"केवडाताई, केवडाताई, दाणा मिळेना!"
"अगं बाई! पेटीत पाडलास?"

केवडाताईनं हवेचा डबा काढला. हो, हवेचा डबा! शहरात हवासुद्धा डब्यात भरून विकतात. दाबला की फुस्स! धूळ पळते.
ताईनं डबा दाबला.
फु...
संपला.

"ताई, तोंडानं फुंका ना!"
"नको गं. थुंकी उडते. यंत्र बिघडतं. तू वारा आण, मी पेटी उघडते. पण लवकर! आत्ता वीज गेलीये म्हणून बरं. वीज आली की मला यंत्र लावावंच लागणार. बघ, रांग केवढी लागलीये!"
"मग काय होईल?"
"मग आतला पंखा फिरेल. गर्रगर्र गर्रगर्र. तुझ्या दाण्याचा भुगा!"

रांगेतले एक काका ओरडले, "ओ ताई, आवरा की! वीज येईल आता!"

ठिपकी थांबली नाही. ठिपकी बसली नाही.
तुरुतुरु तुरुतुरु.

सायकलच्या दुकानात पंप उभा होता. लांब मानेचा.

"पंपदादा, पंपदादा, फुंक ना!
दाणा मिळेना!
वीज येईल, पंखा फिरेल, दाण्याचा भुगा होईल!"

पंप म्हणाला, "फुस्स! मी फुंकतो की. पण पीठ चिकटलंय. नुसत्या वाऱ्यानं निघतंय होय? आधी ब्रश झाडेल, मग मी फुंकेन."

ठिपकी थांबली नाही. ठिपकी बसली नाही.
तुरुतुरु तुरुतुरु.

पाट्या रंगवायच्या दुकानात ब्रश पडला होता. मऊ मऊ मिशांचा.

"ब्रशभाऊ, ब्रशभाऊ, झाड ना!
पंप फुंकेना,
दाणा मिळेना!
वीज येईल, पंखा फिरेल, दाण्याचा भुगा होईल!"

ब्रश म्हणाला, "सळसळ! मी झाडतो की. पण माझ्या मिशा ओल्या. यंत्राला पाणी लागलं, तर केवडाताई माझ्या मिशा उपटेल! आधी फडकं पुसेल, मग मी झाडेन."

ठिपकी थांबली नाही. ठिपकी बसली नाही.
तुरुतुरु तुरुतुरु.

शिंप्याच्या दुकानात फडकं लोंबत होतं. खिळ्याला.

"फडकंबाई, फडकंबाई, पूस ना!
ब्रश झाडेना,
पंप फुंकेना,
दाणा मिळेना!
वीज येईल, पंखा फिरेल, दाण्याचा भुगा होईल!"

फडकं म्हणालं, "फडफड! मी पुसते की. पण माझं पोट बघ. केवढं भोक! त्यातून ब्रश आरपार जाईल. आधी सुई शिवेल, मग मी पुसेन."

"किती गं बाई तुमचं आधी नि मग!" ठिपकी म्हणाली.
पण थांबली नाही. आणि बसली नाही.
तुरुतुरु तुरुतुरु.

शिंप्याच्या मेजावर गादी. छोटीशी गादी. गादीत सुई खोचलेली. ताठ!

"सुईआत्या, सुईआत्या, शिव ना!
फडकं पुसेना,
ब्रश झाडेना,
पंप फुंकेना,
दाणा मिळेना!
वीज येईल, पंखा फिरेल, दाण्याचा भुगा होईल!"

सुई म्हणाली, "टुच्च! मी शिवते की. पण नुसती मी गेले, तर भोकंच भोकं पडतील. आधी दोरा शिरेल, मग मी शिवेन."

ठिपकी थांबली नाही. ठिपकी बसली नाही.
तुरुतुरु तुरुतुरु.

सुईशेजारी रीळ. रिळावर दोरा. लाल लाल. वेटोळं घालून पडलेला.

"दोरेमामा, दोरेमामा, शिर ना!
सुई शिवेना,
फडकं पुसेना,
ब्रश झाडेना,
पंप फुंकेना,
दाणा मिळेना!
वीज येईल, पंखा फिरेल, दाण्याचा भुगा होईल!"

दोरा म्हणाला, "सुळसुळ! मी शिरतो की. पण आपला आपला कसा शिरू? मी पडलो लुळा. आधी तात्या ओवतील, मग मी शिरेन."

ठिपकीनं वर पाहिलं.
वर चष्मा. चष्म्यामागे सोपानतात्या. तेच शिंपी!

"तात्या, तात्या, ओवा ना!
दोरा शिरेना,
सुई शिवेना,
फडकं पुसेना,
ब्रश झाडेना,
पंप फुंकेना,
दाणा मिळेना!
वीज येईल, पंखा फिरेल, दाण्याचा भुगा होईल!"

तात्या म्हणाले, "कोण बोलतंय? दिसत तर कुणी नाही."
"मी! खाली बघा. अजून खाली. हां!"
"अगं पोरी, मी सकाळपासून तेच करतोय! चष्मा वर केला. चष्मा खाली केला. दोऱ्याचं टोक चाटलं. दोरा इकडे, सुई तिकडे. नेढं काही दिसेना!"
"नेढं म्हणजे काय?"
"सुईचं भोक गं. त्यातून दोरा घालायचा. कुणीतरी त्यातून पलीकडे जायला पाहिजे. दोऱ्याचं टोक धरून. पण एवढ्याशा भोकातून जाणार कोण?"

"केवढं भोक?"
"एवढंसं."
"एवढंसं?"
"त्याहून लहान."

ठिपकीनं सुईकडे पाहिलं. ठिपकीनं स्वतःकडे पाहिलं.
"मी!" ती म्हणाली. "मी जाते!"

तात्यांनी सुई धरली. ठिपकीनं दोऱ्याचं टोक तोंडात धरलं.
डोकं घातलं. गेलं!
कंबर घातली. गेली!
पोट घातलं...
अडकलं!

"बाई गं!" सुई ओरडली. "गुदगुल्या होतात!"
"हलू नकोस आत्या!"
"आत घे पोट, आत घे!" तात्या म्हणाले.
सकाळपासून ठिपकीनं काही खाल्लं नव्हतं. पोटात होतं काय? काही नाही! तिनं पोट आत घेतलं. आत. अजून आत.
सुळ्ळकन!
ठिपकी पलीकडे. मागून दोरा पलीकडे. लाल लाल!

"वा रे पठ्ठी!" तात्या म्हणाले.
आणि मग काय सांगू! सगळे लागले कामाला.

दोरा शिरला.
सुईनं शिवलं. टुच्च टुच्च टुच्च. तात्यांनी दातानं दोरा तोडला. भोक बंद!
फडकं धावलं. फडफड फडफड. ब्रश पुसला. मिशा कोरड्या!
ब्रश धावला. सळसळ सळसळ.
पंप धावला. धपाक धपाक.

पंपाला पाय नसतात म्हणता? त्या दिवशी होते.

सायकलवाला ओरडला, "अरे, माझा पंप कुठं चालला?"
"येतो जरा फुंकून!" पंप म्हणाला.

सगळ्यांच्या पुढे ठिपकी. तुरुतुरु तुरुतुरु.
"केवडाताई, केवडाताई, वारा आला!"

ताईनं वायर काढली. ताईनं पेटी उघडली.
ब्रशनं झाडलं. हळू हळू. कोपऱ्यात. फटीत. पंख्याच्या पात्यांवर.
ताईनं पंख्यावर बोट ठेवलं. पंपाच्या वाऱ्यानं पंखा हलायचा नाही आता!
"फुंक रे पंपा! पण बेतानं!"
पंप म्हणाला, "बेतानंच फुंकतो."
आणि फुंकलं.
फुस्स! फुस्स! फुऽऽऽस्स!

पीठ उडालं! ताईच्या भुवया पांढऱ्या. काकांच्या मिशा पांढऱ्या. सगळी रांग पांढरी. आऽक्छी! आऽक्छी! आऽक्छी!

आणि दाणा?
दाणा पेटीत नाही.
दाणा मेजावर नाही.
दाणा जमिनीवर नाही.

"माझा दाणा!" ठिपकी गोल गोल फिरली. "माझा दाणा कुठाय?"
ताईनं फॉर्म उचलले. काकांनी पिशवी झटकली. सगळी रांग खाली वाकली.
तेवढ्यात काका म्हणाले, "ओ ताई, तुमच्या वेणीत काय आहे ते?"
वेणीत दाणा!

ताईनं तो अलगद काढला. ठिपकीच्या डोक्यावर ठेवला.
"घे गं बाई. तुझा दाणा. आता जाळीवरून जाऊ नकोस!"

ताईनं पेटी लावली. वायर जोडली. आणि...
टक! वीज आली.
"आली, आली!" रांग ओरडली.
पंखा फिरला. गर्रगर्र. छान मोकळा.
शेजारची गिरणीही फिरली. घर्रर्र. पुन्हा पीठ उडालं!
उडू दे. ते उद्या बघू.

ठिपकी घरी पोहोचली. तुरुतुरु तुरुतुरु.
सात भावंडं दारातच.
"ताई आली! ताई आली!"

ठिपकीनं दाण्याचे तुकडे केले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. आणि आठवा तिचा.
कुरुम कुरुम कुरुम. दाणा संपला.

सगळ्यात धाकटी मुंगी ठिपकीजवळ आली. तिनं ठिपकीचा पाय चाटला.
"ताई, तू गोड लागतेस!"
"मी?"
"हो! बेसनासारखी!"
दुसऱ्यानं हात चाटला. "इथं बाजरी आहे!"
तिसऱ्यानं पाठ चाटली. "इथं ज्वारी!"
"मला पण! मला पण!"

सात जिभा. चाटचूट चाटचूट.
"ए! अरे! गुदगुल्या होतात!" ठिपकी लोळली. हसली. पुन्हा लोळली.
आणि सगळं पीठ चाटून संपेपर्यंत तिला कुणी उठूच दिलं नाही.