मेथीच्या मागोमाग गेलेला राजा

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. इतकी जुनी, की त्यातल्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही. त्याचं राज्य नदीच्या दोन्ही काठांनी पसरलेलं होतं आणि काठाकाठानं भाजीचे मळे होते. मेथी, चाकवत, गाजरं, शेवगा, पपई, सगळं उदंड पिकत होतं.

तरी एका वर्षी गावोगावहून एकच तक्रार येऊ लागली. मुलं खेळता खेळता मटकन खाली बसतात. हातपाय काड्यांसारखे झालेत.

राजानं वैद्य पाठवले. ते परत येऊन म्हणाले, "महाराज, रोगराई नाही. मुलांच्या पोटात ना भाजी जाते, ना फळ."

राजाला काही उमगेना. तो स्वतःच एका गावी गेला. तिथे येसू नावाच्या बाईचा मळा होता. मळ्यात मेथी डुलत होती आणि ओसरीवर येसूची लेक सुंदरी मिठाशी भाकरी खात होती. राजाला पाहून ती उठली, पण भिंत धरून.

"बाई, दारात एवढी मेथी, मग पोरीला का देत नाही?" राजानं विचारलं.

"महाराज, नगराच्या मंडईत भाव फार कमी मिळतो. सगळी विकावी, तेव्हा ज्वारी येते."

"मग बाजारातून थोडी घ्या."

"तिथे ती फार महाग असते. आमच्याकडून स्वस्तात जाते न् आम्हालाच महाग मिळते. असं कसं होतं, ते मला कळत नाही."

राजालाही कळलं नाही. घाईघाईनं त्यानं हुकूम काढला, की बाजारात भाजी स्वस्तच विकावी. व्यापाऱ्यांनी मळेवाल्यांचा भाव आणखी पाडला. कित्येकांनी वाफे पडीक टाकले. राजानं हुकूम फिरवला आणि मळेवाल्यांना चढा भाव बांधून दिला. तशी बाजारात भाजी आणखी महागली आणि आया रिकाम्या पिशव्या घेऊन घरी गेल्या.

"स्वस्त केली तर पिकवणारा बुडतो, महाग केली तर खाणारा उपाशी राहतो. मी करू तरी काय?" राजा प्रधानांना म्हणाला. 

शेवटी मेथी कुठून कुठे जाते ते पाहायला राजा साधे कपडे घालून येसूच्या बैलगाडीत मेथीच्या जुड्यांशेजारी बसला. गाडी नगराच्या वेशीवर आली. तिथे जकात भरावी लागली. मंडईच्या दाराशी पुन्हा जकात. उन्हात ताटकळत जुड्या मलूल झाल्या. एका व्यापाऱ्यानं त्या पडत्या भावात घेतल्या, आपल्या गाडीत भरल्या आणि गाडी हाकली ती थेट येसूच्याच गावच्या बाजाराला. राजाही त्याच्या मागोमाग निघाला. येताना वेशीवर आणखी एकदा जकात झाली.

बाजारात एका बाईनं पिवळी पडलेली जुडी उचलली, भाव विचारला आणि परत ठेवली.

"गावची भाजी गावातच का विकत नाही?" राजानं व्यापाऱ्याला विचारलं.

"राजाच्या आजोबांचा हुकूम आहे. सगळा माल आधी नगरात न्यायचा, म्हणजे निवडक माल वाड्याला मिळतो."

ज्या घोळात राजा इतके दिवस चाचपडत होता, तो त्याच्याच घरातून निघाला होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं तो हुकूम रद्द केला. गावोगावी सकाळचा बाजार भरू लागला. तिथे जकात नव्हती. मळेवाल्याला पूर्वीपेक्षा जास्त मिळू लागलं आणि घेणाऱ्याला निम्म्या भावात ताजी भाजी मिळू लागली. गावांची गरज भागल्यावर उरलेला माल नगरात जाई.

"महाराज, खजिन्यात भर कमी पडते," प्रधान म्हणाले. "आणि मुदपाकखान्यात आज नुसता भोपळा आलाय."

"मग भोपळा करा," राजा म्हणाला.

वर्ष सरता सरता आयांच्या तक्रारी बदलल्या. मूल उठत नाही म्हणून रडणारी येसू आता सुंदरी घरात सापडत नाही म्हणून गावभर हाका मारत हिंडू लागली.

तात्पर्य: ज्या गावात अन्न पिकतं, तिथल्या लेकरांना ते ताजं आणि परवडेल अशा भावात आधी मिळालं पाहिजे.