दारातून विचारपूस

फार जुनी नव्हे, पण संगणकाच्या वयानं युगापूर्वीची गोष्ट. एका सकाळी संगणकाच्या पंख्याची घरघर एकाएकी मंदावली आणि त्या संगणकात राहणारी डोकावणी नावाची भित्री आज्ञा दचकली. कॉलेजच्या प्रवेशअर्जांचा प्रोग्रॅम चालतोय का, हे तासातासाला बघून पडद्यावरच्या काळ्या खिडकीत सांगायचं, एवढंच तिचं काम. ती दारातूनच विचारायची, "चालू ना?" प्रोग्रॅम म्हणायचा, "चालू!" आत प्रोग्रॅमचं काम वाटून घेऊन एकाच वेळी राबणाऱ्या आठ धाग्यांना तिनं कधी हाकच मारली नव्हती.

दुपार झाली, तरी एकही अर्ज पुढे सरकेना.

"विझवून टाकते मेल्याला," प्रोग्रॅम बंद करणारी विझवणीमावशी पदर खोचत म्हणाली. "अर्धे अर्ज गेले तर गेले!"

"थांबा ना मावशी," डोकावणी शरमेनं अर्धी झाली. "सगळं ठीक आहे, असं मीच सांगत आले हो."

पहिल्यांदाच उंबरठा ओलांडून ती एकेकाला विचारत निघाली.

"पहिल्या, काय करतोस?"

"कामाची वाट बघतोय."

चौघांचं तेच उत्तर.

"पाचव्या? अरे पाचव्या!"

कोपऱ्यातून थकलेला आवाज आला, "ताई, अर्ज पुढे सरकवायला यादी आणि शिक्का दोन्ही लागतात. यादी माझ्या हातात, शिक्का सातव्याच्या. मी शिक्क्यासाठी अडलोय, तो यादीसाठी. सकाळपासून दोघं ओरडतोय. तुमची पावलं ऐकू यायची, दारापर्यंत."