राणी आणि निळ्या पंखांची टाचणी

लहानथोरांनो, डोंगरांना अजून नावं पडायची होती, त्या काळची ही गोष्ट.

एका राणीची एकुलती एक लेक तापानं गेली. तेव्हापासून राणी हसेना, कुणाशी धड बोलेना. वैद्यांनी सांगितलं, हिला काही दिवस रानात राहू द्या.

रानात एक ओढा होता. दोन्ही काठांवर इतकी दाट झाडी, की भर दुपारीही तिथं संध्याकाळ वाटे. राणी शेवाळलेल्या धोंड्यावर बसून पाण्याचा आवाज ऐकत राही. एके दिवशी पानांतून उन्हाचा एक कवडसा खाली उतरला. काटकीवर एक काळपट टाचणी बसली होती. पाण्यावर भिरभिरणाऱ्या चतुराची ही नाजूक बहीण. कवडशात तिनं पंख उघडले आणि ते निळेशार झाले. क्षणभरच. कवडसा सरकला, टाचणी पुन्हा काळी झाली. पण राणीच्या ओठांवर वर्षभरानं हसू आलं होतं.

राणी रोज तिथं येऊ लागली. कवडसा कधी यायचा, कधी नाही. राणीला धीर धरवेना. तिनं लाकूडतोड्यांना बोलावून सांगितलं, काठची झाडं पाडा, दिवसभर ऊन येऊ द्या.

त्या रानात मध काढणारा एक म्हातारा राहत असे. तो हात जोडून म्हणाला, “आई, ऊन ही टाचणीची घटकाभराची हौस. घर तिचं सावलीत. ओल्या मुळांत ती अंडी घालते.”

“वर्षभर मी अंधारातच बसले आहे, बाबा,” राणी म्हणाली. “आता सावली नको.”

झाडं पडली. पहिल्या दिवशी ओढ्यावर शंभर पंख एकदम निळे झाले. लेक मांडीवर असल्यासारखी राणी दिवस मावळेपर्यंत बघत राहिली. आठवड्यानं दहा टाचण्या उरल्या. मग एकही नाही. शेवाळ करपलं, मुळं सुकली, पाणी आटत आटत वाळूत जिरलं. खालच्या गावच्या बायका घागरी घेऊन कोसभर चालू लागल्या.

राणी महालात परतली नाही. त्या बायकांबरोबर तीही पाणी वाहू लागली आणि ओढ्याच्या काठी रोपं लावून ती जगवू लागली. दाट सावली पडायला दोन पिढ्या जाणार होत्या. टाचणी तिला पुन्हा कधी दिसली नाही. मात्र वाटेनं चालता चालता ती बायकांना आपल्या लेकीच्या गोष्टी सांगू लागली होती.

जे आपल्याला सुखावतं, त्याचं घर मोडलं तर ते आपल्याजवळ राहत नाही.