चिलटांचा धोंडा

दिवडवाडीच्या अंजिरांच्या बागेत शिरताना वाटेवर एक सपाट काळा धोंडा लागतो. त्याला शेंदूर नाही, फूल नाही. फळांच्या रसाचे चिकट डाग तेवढे आहेत आणि त्यांवर चिलटं बसलेली असतात. एखादा पाहुणा ती हाकलू लागला, तर वाडीतले गेनबातात्या त्याचा हात हलकेच धरतात. "असू द्या. त्यांचा मान आहे," म्हणतात, आणि धोंड्याची हकीकत सांगू लागतात.

फार जुन्या काळी ही बाग लिंबाजी माळ्याकडे होती, असे सांगतात. पहिल्या तोडीची पाटी देवीपुढे ठेवायची आणि मग तो प्रसाद सर्वांआधी गरोदर बायांना द्यायचा, अशी रीत होती. लिंबाजीची थोरली सून गोजरा. धाकटी पारू त्या साली पहिलटकरीण होती आणि तिला डोहाळे लागले होते ते अंजिरांचेच.

त्या साली हिवाळाभर आभाळ भरलेलं राहिलं. पानांवरचं दव सुकता सुकेना. फळ मात्र टपोरं धरलं आणि बागेत औषधालासुद्धा चिलट नाही. देवीने बाग राखली म्हणून वाडी खूश झाली. गोजराला तेवढं चैन पडेना. दर साली फळ पिकू लागलं की चिलटं नाकातोंडात जात. यंदा ती गेली कुठं? भाकरी थापता थापता ती उठे, बागेत जाई, झाडाखाली उभी राही, परत येई. अंजिरांच्या गोड वासाखाली तिला आणखी एक वास येई, ओल्या गोणपाटासारखा. पारूला तो येत नव्हता. फळ फोडून पाहिलं तर आत लालचुटूक. तरी गोजराने पारूच्या हातातलं अंजीर काढून घेतलं, आणि दोघी जावांत अबोला झाला.

पहिल्या तोडीच्या सकाळी गोजरा ओढा ओलांडून माळावर गेली. तिथल्या एकट्या झाडाचं एक फळ आणलं, बागेतलं एक घेतलं आणि दोन्ही फोडून या धोंड्यावर ठेवली. माळावरच्या फळावर बघता बघता चिलटं जमली. बागेतल्या फळाकडेही ती येत, घुटमळत, आणि वास लागताच माघारी फिरत. एकही बसलं नाही.

एवढ्यात पाटी डोक्यावर घेऊन लिंबाजी आला. मागून सारी वाडी.

"मामंजी, ही फळं देवीला नका दाऊ," गोजरा म्हणाली. "चिलटंसुदिक शिवंनात त्यांना."

"देवीचा निवद चिलटांना इचारून ठेवायचा व्हय?"

"पारूच्या पोटात जायाचं हाय ते."

लिंबाजी चालू लागला. तेव्हा गोजराने पुढे होऊन पाटी ओढली. अंजिरं धुळीत पडली.

लिंबाजीने तिच्यावर हात उगारला नाही. "देवीचा अपमान झाला. आता ह्यो निवद खाऊन त्यो मलाच फेडाया पायजे," एवढंच तो म्हणाला, खाली बसला, आणि धुळीतली अंजिरं पुसून पुसून खाऊ लागला. गोजराने पाय धरले. त्याने ऐकलं नाही.

दुपारपर्यंत काही झालं नाही. गोजरा दारातून ओट्यावर, ओट्यावरून दारात करत राहिली. मग लिंबाजीला उलट्या सुरू झाल्या. वैदूचा काढा पोटात टिकेना. दोन-तीन दिवसांनी उरलेली फळं फोडली, तर त्यांच्या पोटात काजळीसारखी काळी बुरशी धरलेली. ती पाहून लिंबाजीने थोरल्या सुनेला जवळ बोलावलं.

"पोरी, तुझं खरं व्हतं. हितून पुढं आधी चिलटांना इचारा."

त्याच रात्री तो गेला, म्हणे. वाडीने झाडांवरचं सगळं फळ उतरवून जाळलं. पारू सुखरूप बाळंत झाली, तिला मुलगी झाली. पण गोजराने पुढे जन्मभर अंजीर तोंडात घातलं नाही.

आजही पहिल्या तोडीला त्या घरची थोरली सून अंजीर फोडून धोंड्यावर ठेवते आणि मागे सरते. चिलट बसल्याशिवाय पाटी देवळाकडे निघत नाही. कधी ती लगेच येतात, कधी ऊन चढलं तरी येत नाहीत. गरोदर बाया आंब्याच्या सावलीत उभ्या असतात. त्यांच्यासाठी घोंगडी अंथरलेली असते, बसा बसा म्हणून आग्रहही होतो. चिलट बसेपर्यंत त्या बसत नाहीत.